हिदेयो नोगुची

हिदेयो नोगुची (९ नोव्हेंबर, इ.स. १८७६ – २१ मे, इ.स. १९२८) हे जपानी वैद्य व जीवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांचे बहुतेक संशोधन न्यूयॉर्क येथील रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्थेत झाले. उपदंशाचे जंतू रुग्णाच्या मेंदूत असतात हे त्यांनी इ.स. १९१३ मध्ये दाखवून दिले आणि या शोधामुळे वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान पक्के झाले. आयुष्याची शेवटची दहा वर्षे मात्र त्यांनी पीतज्वराच्या कारणाचा शोध घेण्यात घालवली. हे कारण आपल्याला सापडले आहे असे त्यांनी जाहीर केले होते. तो निष्कर्ष चुकीचा ठरला आणि पश्चिम आफ्रिकेत त्याची फेरतपासणी करत असताना त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला.

बालपण

नोगुचींचा जन्म जपानच्या फुकुशिमा प्रांतात, इनावाशिरो सरोवराजवळच्या एका खेड्यात गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव सेइसाकू. वडील सायोसुके यांचे घराकडे लक्ष नव्हते व त्यांना दारूचे व्यसन होते. संसाराचा सगळा भार आई शिका यांच्यावर होता. दिवसा शेतात राबणे, ओझी वाहणे आणि पुढे सुईणपण करणे अशी कामे करून त्यांनी मुले वाढवली.

सेइसाकू दीड वर्षांचे असताना घरातल्या जमिनीत खोदलेल्या चुलीत पडले. त्यांचा डावा हात भाजला आणि जखमा भरताना बोटे एकमेकांना व तळव्याला चिकटली. शेतीला लागणारा हात असा निकामी झाल्याने मुलाला शिकवण्यावाचून गत्यंतर नाही, हे आईने ओळखले. शाळेत इतर मुले हातावरून चिडवत असत, पण अभ्यासात ते सर्वांच्या पुढे होते. त्यांची ही हुशारी साकाए कोबायाशी या शिक्षकांच्या नजरेत भरली. त्यांनी सेइसाकूंना माध्यमिक शाळेत घातले आणि त्यांच्या खर्चाला आयुष्यभर हातभार लावला.

आपल्या हातामुळे सोसावे लागणारे दुःख सेइसाकूंनी एका निबंधात लिहिले होते. तो वाचून शिक्षक व सहाध्यायी यांनी वर्गणी गोळा केली. त्या पैशांतून इ.स. १८९२ मध्ये आइझु-वाकामात्सु येथे कानाए वातानाबे या डॉक्टरांनी त्यांच्या हातावर शस्त्रक्रिया केली. वातानाबे अमेरिकेत शिकून आलेले होते. चिकटलेली बोटे सुटी झाली. हात पूर्वीसारखा झाला नाही, तरी काहीसा उपयोगात येऊ लागला. वैद्यकाचे सामर्थ्य स्वतःच्या शरीरावर अनुभवलेल्या या मुलाने पुढच्याच वर्षी त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात उमेदवारी पत्करली.

वैद्यकीय शिक्षण

इ.स. १८९६ मध्ये नोगुची टोकियोला निघाले. आपले ध्येय गाठल्याशिवाय या मातीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी निघताना घराच्या खांबावर कोरला. तो खांब आजही पाहायला मिळतो. त्या काळी विद्यापीठात न शिकताही सरकारी परीक्षा देऊन वैद्यकाचा परवाना मिळवता येत असे. नोगुचींनी हाच मार्ग धरला आणि वयाच्या विसाव्या वर्षी, इ.स. १८९७ मध्ये परवाना मिळवला. टोकियोत त्यांना आधार मिळाला तो मोरिनोसुके चिवाकी या दंतवैद्यांचा. नोगुचींच्या आयुष्यात पैशाचे व्यवहार नेहमीच गोंधळाचे होते. आलेला पैसा दारू, मित्र व मेजवान्यांवर उडवायचा आणि पुन्हा चिवाकींच्या दारात उभे राहायचे, हा क्रम अनेक वर्षे चालला. चिवाकींनी दर वेळी त्यांना सावरून घेतले.

नाव बदलण्याचे कारणही या स्वभावाशी जोडलेले आहे. त्सुबोउची शोयो यांच्या एका कादंबरीत वैद्यकाच्या एका हुशार विद्यार्थ्याचे पात्र असून त्याचे नाव जवळजवळ नोगुचींच्या नावासारखेच आहे. तो विद्यार्थी व्यसनांत बुडून आयुष्याची माती करतो. कादंबरी नोगुचींच्या जन्मानंतर काही वर्षांनी लिहिली गेलेली असल्याने हे साम्य केवळ योगायोगाचे होते, पण ते नोगुचींच्या जिव्हारी लागले. इ.स. १८९८ मध्ये कोबायाशींच्या संमतीने त्यांनी हिदेयो हे नाव घेतले.

त्याच वर्षी त्यांना शिबासाबुरो कितासातो यांच्या संसर्गजन्य रोग संस्थेत जागा मिळाली. अधू हातामुळे रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेतील काम त्यांना अधिक मानवणारे होते. मात्र संस्थेतील बहुतेक संशोधक टोकियोच्या शाही विद्यापीठाचे पदवीधर होते. पदवी नसलेल्या खेड्यातील तरुणाला तिथे फारसा वाव नव्हता. इ.स. १८९९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सायमन फ्लेक्सनर टोकियोला आले असता नोगुचींनी दुभाषाचे काम केले. आपण अमेरिकेत येऊन आपल्या हाताखाली काम करू इच्छितो, असे त्यांनी फ्लेक्सनरना सांगितले. फ्लेक्सनरनी सौजन्यापोटी काही उत्तेजनपर शब्द काढले असावेत. नोगुचींनी त्यांना निमंत्रण मानले.

त्यानंतर योकोहामा बंदरात विलगीकरण अधिकारी असताना एका जहाजावरील प्लेगचा रुग्ण त्यांनी ओळखला. पुढे प्लेगच्या साथीत काम करण्यासाठी ते चीनमधील न्यूच्वांग येथेही जाऊन आले.

अमेरिकेत

डिसेंबर इ.स. १९०० मध्ये नोगुची जहाजाने अमेरिकेला निघाले. लग्न ठरवून मुलीच्या घरच्यांकडून मिळवलेले पैसे त्यांनी निरोपाच्या मेजवानीत उडवले, तेव्हा चिवाकींनी कर्ज काढून त्यांना पुन्हा प्रवासखर्च दिला. ते लग्न कधीच झाले नाही आणि ती रक्कम पुढे चिवाकींनाच परत करावी लागली. फिलाडेल्फियात पोहोचून नोगुची थेट फ्लेक्सनरसमोर उभे राहिले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांच्यासाठी कोणतीही जागा नव्हती. फ्लेक्सनरनी आधी स्वतःच्या खिशातून पगार देऊन त्यांना ठेवून घेतले आणि सापाच्या विषावरील कामाला लावले. सायलास वेअर मिचेल हे ज्येष्ठ वैद्य या विषयाचे जाणकार होते. त्यांच्या पाठिंब्याने नोगुचींनी विषाचा रक्तपेशींवर होणारा परिणाम तपासला. त्यांचा सर्पविषावरील मोठा ग्रंथ इ.स. १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

इ.स. १९०३–०४ मध्ये ते कोपनहेगन येथे थोरवाल्ड मॅडसन यांच्याकडे प्रतिविषांचा अभ्यास करत होते. तेथून परतल्यावर नव्याने उभ्या राहिलेल्या रॉकफेलर संस्थेत ते दाखल झाले. फ्लेक्सनर तिचे संचालक होते. नोगुची रात्रंदिवस प्रयोगशाळेत असत. काचेची भांडी ते स्वतः धूत, मदतनिसांवर विसंबत नसत आणि परीक्षानळ्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावायचाही त्यांना कंटाळा असे. कोणत्या नळीत काय आहे हे त्यांच्या डोक्यात असे. त्यांच्या झपाट्याचे सहकाऱ्यांना कौतुक वाटे. पण ज्याची नोंद नाही तो प्रयोग दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही, आणि ही अडचण पुढे त्यांच्या बऱ्याच कामांत आली.

इ.स. १९१२ मध्ये त्यांनी मेरी डार्डिस या अमेरिकी स्त्रीशी विवाह केला. त्याच वर्षी आईचे पत्र आले. शिका यांना लिहिता येत नव्हते. मुलाला लिहिण्यासाठी त्यांनी उतारवयात अक्षरे गिरवली होती. मुलाने एकदा घरी यावे, अशी त्यात कळवळून विनवणी होती. नोगुची इ.स. १९१५ मध्ये जपानला गेले. त्या वर्षी जपानच्या शाही अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. मातृभूमीची त्यांची ती एकमेव भेट ठरली. शिका इ.स. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीत वारल्या.

उपदंशावरील संशोधन

उपदंशाचा सर्पिलाकार जंतू इ.स. १९०५ मध्ये जर्मनीत सापडला होता. त्याची प्रयोगशाळेत शुद्ध वाढ केल्याचे नोगुचींनी इ.स. १९११ मध्ये जाहीर केले. अनेकांनी प्रयत्न करूनही हा प्रयोग कोणालाच पुन्हा साधला नाही. याउलट इ.स. १९१३ मधील त्यांचे काम काळाच्या कसोटीला उतरले. उपदंश झाल्यावर कित्येक वर्षांनी काही रुग्णांना वेड लागते व हळूहळू सर्वांग लुळे पडते. वेड्यांच्या इस्पितळांतील बऱ्याच खाटा त्या काळी अशा रुग्णांनी भरलेल्या असत. या विकाराचा उपदंशाशी संबंध असावा असा संशय होता, पुरावा नव्हता. जे. डब्ल्यू. मूर यांच्यासह नोगुचींनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूचे शेकडो छेद तपासले आणि त्यांत उपदंशाचा जंतू दाखवून दिला. मनाच्या आजारामागे एखादा जंतू असू शकतो, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता.

याच काळातील एक प्रकरण मात्र त्यांच्या नावाला लागलेला डाग आहे. उपदंश ओळखण्यासाठी त्यांनी ल्युएटिन नावाची त्वचेवरील चाचणी तयार केली आणि ती न्यूयॉर्कमधील रुग्णालयांतील रुग्णांवर व निरोगी मुलांवर करून पाहिली. त्यांतील काही मुले अनाथ होती. त्यांची वा त्यांच्या पालकांची संमती घेतलेली नव्हती. ही गोष्ट उघडकीस आल्यावर वृत्तपत्रांतून गदारोळ उठला आणि फिर्यादीचाही प्रयत्न झाला, पण खटला उभा राहिला नाही. माणसांवरील प्रयोगांच्या नीतिशास्त्रात आज हे उदाहरण आवर्जून दिले जाते.

पोलिओ, रेबीज आणि खुपऱ्या यांचे जंतू सापडल्याचे नोगुचींचे दावेही पुढे टिकले नाहीत. पहिले दोन रोग विषाणूंमुळे होतात. साध्या सूक्ष्मदर्शकात न दिसणाऱ्या आणि सजीव पेशींबाहेर न वाढणाऱ्या या घटकांचे स्वरूप त्या काळी कोणालाच नीट कळलेले नव्हते. ज्यांच्या हातात सूक्ष्मदर्शक व पोषकद्रव होते, त्यांना प्रत्येक रोगामागे जीवाणू दिसण्याचा तो काळ होता. तरीही नोगुचींना असे भास इतरांपेक्षा अधिक वेळा झाले, हेही खरे. मात्र इ.स. १९२६ मध्ये त्यांनी पेरूमधील ओरोया ज्वर आणि तेथीलच गाठी येणारा एक त्वचारोग हे एकाच जीवाणूमुळे होतात असे दाखवले, आणि तो निष्कर्ष अचूक होता.

पीतज्वर

पीतज्वरात जोराचा ताप, उलट्या, कावीळ, रक्तस्राव आणि मूत्रपिंडांचा बिघाड ही लक्षणे दिसतात. हा रोग मूळचा आफ्रिकेतील असून गुलामांच्या जहाजांबरोबर तो अमेरिका खंडांत पोहोचला. इ.स. १८८१ मध्ये क्युबातील कार्लोस फिनले यांनी तो डासांमुळे पसरतो असे मांडले. वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी लष्करी मंडळाने इ.स. १९०० मध्ये हवाना येथे ते सिद्ध केले. याच मंडळातील जेम्स कॅरोल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. रुग्णाच्या रक्ताचा द्रव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला तरी तो रोग उत्पन्न करू शकतो. म्हणजेच या रोगाचे कारण जीवाणूंहून सूक्ष्म असावे.

डासांच्या नाशाने हवाना, पनामा व रिओ दी जानेरो ही शहरे रोगमुक्त झाली. त्यावरून असा समज रूढ झाला की हा रोग फक्त माणूस आणि शहरी डास यांच्यात फिरतो. मोजकी बंदरे साफ केली की तो पृथ्वीवरून नाहीसा होईल. या आशेवर रॉकफेलर प्रतिष्ठानाने उच्चाटनाची मोहीम हाती घेतली. पनामा कालवा इ.स. १९१४ मध्ये खुला झाल्याने हा रोग आशियात शिरण्याची भीतीही होती. त्याचा वाहक एडिस इजिप्ती डास भारतात सर्वत्र होता आणि लोकांमध्ये प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. भारत सरकारच्या वतीने मेजर एस. पी. जेम्स यांनी कालवा खुला होण्यापूर्वीच या धोक्याचा अभ्यास केला होता.

ग्वायाकिलचा शोध

इ.स. १९१८ च्या उन्हाळ्यात रॉकफेलर प्रतिष्ठानाने नोगुचींना इक्वेडोरमधील ग्वायाकिल या बंदरात पाठवले. तेथे पीतज्वर मुरलेला होता. नोगुचींनी रुग्णांचे रक्त गिनिपिगांना टोचले. थोड्याच दिवसांत त्यांतील काहींना ताप व कावीळ झाली आणि त्यांच्या शरीरात बारीक, आकड्यासारखी टोके असलेला सर्पिल जंतू दिसला. नोगुचींनी त्याला लेप्टोस्पायरा इक्टेरॉइडिस असे नाव देऊन तोच पीतज्वराचे कारण असल्याचे जाहीर केले. कॅरोल यांच्या प्रयोगाचे उत्तरही त्यांच्यापाशी होते. हा नाजूक जंतू गाळणीतूनही पार होतो, असे त्यांनी दाखवले. इक्वेडोरने त्यांना सन्मानाने कर्नलची पदवी दिली. त्यांनी तयार केलेली लस व रक्तद्रव लॅटिन अमेरिकेत वापरला जाऊ लागला. पुढे मेक्सिकोतील मेरिदा, पेरू व ब्राझीलमधील बाहिया येथेही आपल्याला तोच जंतू मिळाल्याचे त्यांनी कळवले.

चूक कोठे झाली हे आता स्पष्ट आहे. जपानमध्ये इनादा व इदो यांनी इ.स. १९१५ मध्ये वाइल रोगाचा जंतू शोधला होता. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग म्हणजे आजचा लेप्टोस्पायरोसिस. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर होणारा हा आजार मुंबई व कोकणातील लोकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. कावीळ, ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा दाह ही त्याची लक्षणे गंभीर अवस्थेत पीतज्वरासारखीच दिसतात. उंदीर आणि डास दोन्ही मुबलक असलेल्या बंदरात या दोन्ही रोगांचे रुग्ण एकाच वॉर्डात असणे स्वाभाविक होते. त्यात गिनिपिगाला वाइल रोग सहज होतो, तर पीतज्वराचा विषाणू त्याला आजारी पाडत नाही. प्रयोगासाठी निवडलेला प्राणीच चुकीचे उत्तर देणारा होता. नोगुचींना वाइलच्या जंतूची माहिती होती, पण आपला जंतू त्याहून वेगळा आहे असे त्यांना वाटले.

लस यशस्वी ठरल्यासारखी दिसण्यामागेही वेगळेच कारण होते. त्याच सुमारास ग्वायाकिलमध्ये मायकेल कॉनर यांच्या देखरेखीखाली पाण्याच्या टाक्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडण्याची मोहीम चालू होती. डास घटले, रोग ओसरला आणि श्रेयाचा वाटा लसीलाही मिळाला. या लसीवर विश्वास ठेवून पीतज्वराच्या प्रदेशात गेलेल्यांना तिचे कसलेही संरक्षण नव्हते, ही गोष्ट नोगुचींच्या चरित्रांत फारशी ठळकपणे येत नाही.

विरोध

शंका घेणारे पहिल्यापासून होते. रीड मंडळाचे हयात सदस्य अरिस्टिडीस आग्रामोंटे यांनी इ.स. १९२४ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे भरलेल्या परिषदेत नोगुचींच्या निष्कर्षांवर त्यांच्या समोरच कडक टीका केली. इ.स. १९२६ मध्ये हार्वर्ड येथील अँड्र्यू सेलार्ड्स आणि त्यांचे तरुण सहकारी मॅक्स थायलर यांनी नोगुचींचा जंतू व वाइलचा जंतू एकच असल्याचे दाखवले. दरम्यान रॉकफेलर प्रतिष्ठानाने लागोसजवळच्या याबा येथे पश्चिम आफ्रिका पीतज्वर मंडळ स्थापन केले होते. हेन्री ब्यूकेस त्याचे प्रमुख होते. त्या मंडळाला एकाही पीतज्वराच्या रुग्णात लेप्टोस्पायरा मिळाला नाही.

निर्णायक प्रयोग इ.स. १९२७ च्या जूनअखेर झाला. गोल्ड कोस्टमधील असिबी नावाच्या आजारी तरुणाचे रक्त भारतातून आलेल्या रीसस माकडाला टोचण्यात आले आणि ते माकड पीतज्वराने मेले. एड्रियन स्टोक्स, योहानेस बाउअर आणि पॉल हडसन यांना अखेर या रोगाला बळी पडणारा प्रयोगप्राणी मिळाला होता. आफ्रिकेतील माकडांच्या शरीरात हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या असल्याने ती सहसा मरत नाहीत. आशियातील माकडांची त्याच्याशी कधीच गाठ पडलेली नव्हती. गाळणीतून काढलेला द्रव आणि डासाचा चावा या दोन्हींनी माकडांना रोग होतो हेही या तिघांनी दाखवले. रोगाचे कारण विषाणू आहे यात आता संशय उरला नाही. असिबी बरा झाला. स्टोक्स यांना प्रयोगशाळेतच संसर्ग झाला आणि १९ सप्टेंबर, इ.स. १९२७ रोजी ते पीतज्वराने मरण पावले.

आक्रा

दक्षिण अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील पीतज्वर कदाचित वेगळे असतील, आणि तसे असेल तर आपले म्हणणे एका खंडापुरते तरी खरे ठरेल, असे नोगुचींना वाटत होते. प्रकृती ठीक नसताना आणि सहकाऱ्यांनी परोपरीने समजावूनही ते ऑक्टोबर इ.स. १९२७ मध्ये आफ्रिकेला निघाले. लागोसच्या मंडळापासून दूर, गोल्ड कोस्टची राजधानी आक्रा येथे त्यांनी काम सुरू केले. तेथील ब्रिटिश वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक विल्यम अलेक्झांडर यंग यांनी त्यांना जागा दिली.

इ.स. १९२७ च्या अखेरीस ते आजारी पडले. त्यातून उठल्यावर आपल्याला पीतज्वर होऊन गेला आणि आता तो पुन्हा होणार नाही, असा त्यांचा समज झाला. त्यानंतरचे महिने त्यांनी झपाटल्यासारखे काम केले. शेकडो माकडे मागवली गेली, रात्री जागून शवविच्छेदने झाली. लेप्टोस्पायरा काही मिळेना. माकडांना रोग होतो हा स्टोक्स यांचा निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्याच प्रयोगांतून पक्का होत होता. तरीही आणखी एक वेगळा जंतू आपल्या हाती लागल्याचे ते न्यूयॉर्कला कळवत राहिले. आपल्या आधीच्या निष्कर्षातील चूक त्यांना मनातून किती उमगली होती, यावर चरित्रकारांचे एकमत नाही.

मे इ.स. १९२८ मध्ये परतीची तयारी झाली होती. निघण्यापूर्वी ते लागोसच्या मंडळाची भेट घेऊन आले आणि त्या प्रवासातच त्यांना ताप भरला. या वेळी निदानाबद्दल शंका नव्हती. २१ मे, इ.स. १९२८ रोजी आक्रा येथील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. ते ५१ वर्षांचे होते. त्यांचे शवविच्छेदन यंग यांनी केले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस यंगही पीतज्वराने मरण पावले. नोगुचींचा देह न्यूयॉर्कला नेऊन वुडलॉन दफनभूमीत पुरण्यात आला.

त्यांच्या मृत्यूनंतर लगेच काही जपानी व अमेरिकी लेखकांनी आत्महत्येचा तर्क मांडला. त्याला विश्वसनीय आधार नाही. त्या दोन-तीन वर्षांत पीतज्वराच्या प्रयोगशाळांतून अनेक संशोधकांना संसर्ग झाला होता. रॉकफेलर संस्थेतीलच पॉल लुइस इ.स. १९२९ मध्ये बाहिया येथे असेच मरण पावले. थायलर यांनाही त्याच वर्षी संसर्ग झाला, पण ते वाचले.

रोगाचे पुनरागमन

नोगुची मरण पावले त्याच वर्षी रिओ दी जानेरोमध्ये पीतज्वर परतला. ओस्वाल्दो क्रूझ यांच्या डासविरोधी मोहिमेनंतर सुमारे वीस वर्षे ते शहर या रोगापासून मुक्त होते. रोग आला कोठून, याचे उत्तर इ.स. १९३२ मध्ये ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातील एका ग्रामीण खोऱ्यात मिळाले. तेथे एडिस इजिप्ती डास नसतानाही माणसांना पीतज्वर होत होता. रॉकफेलर प्रतिष्ठानाचे फ्रेड सोपर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की हा विषाणू जंगलातील माकडे व झाडांच्या शेंड्यांवर राहणारे डास यांच्यात सतत फिरत असतो. झाड तोडले की ते डास खाली येतात आणि लाकूडतोड्याला चावतात. तो गावात परतला की शहरी डास साखळी पुढे नेतात. पीतज्वर हा मुळात प्राणिजन्य रोग असल्याने बंदरे साफ करून तो संपणार नव्हता. उच्चाटनाची कल्पना सोडून द्यावी लागली.

असिबीच्या रक्तातील विषाणूचाच वाण प्रयोगशाळेत शेकडो वेळा वाढवून थायलर यांनी इ.स. १९३७ मध्ये १७डी ही लस तयार केली. त्यासाठी त्यांना इ.स. १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नोगुचींचे नावही या पारितोषिकासाठी अनेकदा सुचवले गेले होते.

ही लस एकदा टोचली की बहुतेकांना आयुष्यभर पुरते. तरीही रोग अधूनमधून डोके वर काढतो. इ.स. २०१६ मध्ये अंगोला व काँगो लोकशाही प्रजासत्ताक येथील साथीत लशीचा जागतिक साठा अपुरा पडला आणि किन्शासात नेहमीच्या मात्रेचा पाचवा हिस्सा टोचावा लागला. अंगोलाहून परतलेल्या कामगारांबरोबर हा रोग प्रथमच चीनमध्ये पोहोचला, सुदैवाने पसरला नाही. इ.स. २०१६ ते २०१८ या काळात आग्नेय ब्राझीलच्या जंगलांत हाउलर माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि पाठोपाठ दोन हजारांहून अधिक माणसांना लागण झाली. साथीचा इशारा माकडांच्या मृत्यूतून मिळत असतानाही रोग त्यांच्यामुळेच पसरतो या समजुतीने लोकांनी काही ठिकाणी माकडेच मारली. भारतात पीतज्वराची साथ आजवर आलेली नाही. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील ठरावीक देशांतून मुंबईसह कोणत्याही विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला लसीकरणाचा दाखला दाखवावा लागतो. दाखला नसेल तर त्याला विलगीकरणात ठेवले जाते.

स्मृती

जपानमध्ये नोगुचींची कथा पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांना सांगितली जाते. त्या कथेत भाजलेला हात, आईचे कष्ट आणि आफ्रिकेतील मृत्यू असतो. कर्जे, दारू आणि चुकलेले शोध बहुधा नसतात. इनावाशिरो येथील त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले असून ती चूल, तो खांब आणि आईचे पत्र तेथे जपलेले आहे. इ.स. २००४ पासून एक हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. इ.स. २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटेवर त्यांची जागा कितासातो यांनी घेतली. जपान सरकारने इ.स. २००६ मध्ये त्यांच्या नावाने आफ्रिकेतील वैद्यकीय कार्यासाठी पुरस्कार सुरू केला.

आक्रा येथे नोगुचींनी काम केलेली खोली कोर्ले बू रुग्णालयाच्या आवारात जतन केली आहे. जपानच्या साहाय्याने इ.स. १९७९ मध्ये घाना विद्यापीठात नोगुची स्मारक वैद्यकीय संशोधन संस्था स्थापन झाली. विषाणूंचा अभ्यास हे तिच्या मुख्य कामांपैकी एक असून इ.स. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत घानातील नमुन्यांच्या तपासणीचा मोठा भार याच संस्थेने उचलला.